बॅटरीचा जमाखर्च

आर्थिक व्यवहारांच्या दृष्टीने मोबाइल हा आज पासबुक, पाकीट आणि स्वाक्षरी या तिन्हींचे काम करू लागला आहे. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीस केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी भारतातील पहिले मोबाइल संभाषण केले. त्या काळी बॅटरी संपली तर फार तर एक संभाषण अपुरे राहत असे. २०१६ मध्ये यूपीआय सेवा सुरू झाल्यानंतर चित्र पालटले. आता बॅटरी संपली की ओटीपी येत नाही, भाजीवाल्याला पैसे देता येत नाहीत आणि खात्यातून रक्कम गेल्याचा संदेशही वेळेवर वाचता येत नाही.

यातील शेवटची बाब विशेष गंभीर आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाद्वारे अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांसंबंधी ग्राहकाचे दायित्व निश्चित केले. बँकेचा वा ग्राहकाचा दोष नसताना त्रयस्थाकडून फसवणूक झाली आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत ग्राहकाने ती कळविली, तर त्याच्यावर दायित्व राहणार नाही, असे त्यात नमूद करण्यात आले. अर्थात कालगणना संदेशापासून सुरू होते. संदेश ज्या मोबाइलवर यावयाचा, तोच बंद असेल तर मोलाचे तास वाया जातात. म्हणूनच बॅटरीची निगा हा केवळ सोयीचा प्रश्न राहिलेला नाही.

दोन निरनिराळी खाती

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आरंभीच एक भेद शिकतो : महसुली खर्च वेगळा आणि घसारा वेगळा. बॅटरीलाही हाच नियम लागू पडतो. सकाळी शंभर टक्के असलेली बॅटरी सायंकाळी वीस टक्क्यांवर येते, हा रोजचा खर्च. तो रात्री चार्जिंगने भरून निघतो. परंतु दोन वर्षांपूर्वी दिवसभर पुरणारी बॅटरी आता दुपारीच मान टाकते, हा घसारा होय. तो कोणत्याही चार्जरने भरून निघत नाही. बहुतेक जण पहिल्या खात्याचीच चिंता वाहतात. खरे नुकसान मात्र दुसऱ्या खात्यात होत असते.

आपल्या मोबाइलमध्ये आणि लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन प्रकारची बॅटरी असते. सोनी कंपनीने १९९१ मध्ये ती प्रथम बाजारात आणली आणि तिच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. चार्ज करताना लिथियमचे आयन एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे जातात, वापरताना परत येतात. या येण्याजाण्यात काही लिथियम कायमचे अडकून पडते आणि बॅटरीची धारणशक्ती घटत जाते. ही झीज टाळता येत नाही, पण तिचा वेग पुष्कळसा आपल्या हाती असतो.

भिलाईचा उन्हाळा आणि घसाऱ्याचा दर

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले, तेव्हापासून हे शहर उष्णतेला कामास जुंपत आले आहे. बॅटरीच्या बाबतीत मात्र उष्णता शत्रूच ठरते. मे महिन्यात येथील पारा ४४ अंशांपलीकडे जातो. अॅपल कंपनी आपल्या मोबाइलसाठी ३५ अंशांपर्यंतचे तापमान योग्य मानते आणि त्याहून अधिक उष्णतेत बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते, असा इशारा देते. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यातील कित्येक दुपारी ही मर्यादा घराबाहेर पाऊल ठेवताच ओलांडली जाते.

उष्णतेला पूर्ण चार्जची जोड मिळाली की घसारा दुप्पट वेगाने वाढतो. बॅटरी-तंत्रज्ञांमध्ये प्रचलित असलेल्या एका कोष्टकानुसार, २५ अंश तापमानात ४० टक्के चार्ज करून ठेवलेली बॅटरी वर्षअखेर सुमारे ९६ टक्के क्षमता राखते. तीच १०० टक्के भरून ठेवली तर सुमारे ८० टक्के. तापमान ४० अंश असेल तर हे आकडे अनुक्रमे सुमारे ८५ आणि ६५ टक्क्यांवर येतात. काठोकाठ भरलेली आणि तापलेली बॅटरी एका वर्षात आपले एक-तृतीयांश भांडवल गमावू शकते, हे यावरून ध्यानी येईल.

म्हणून उन्हाळ्यात पुढील पथ्ये पाळावीत :

१. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत किंवा स्कूटरच्या डिकीत मोबाइल वा लॅपटॉप ठेवू नये. बंद मोटारीच्या आतील तापमान बाहेरच्यापेक्षा २० अंशांनीही अधिक होऊ शकते.

२. उन्हातून आल्याबरोबर मोबाइल चार्जिंगला लावू नये. तो आधी सावलीत निवू द्यावा. लवकर थंड व्हावा म्हणून फ्रीजमध्ये मात्र ठेवू नये. आत बाष्प साचून बिघाड होतो.

३. उशीखाली अथवा गादीवर ठेवून चार्ज करू नये. जाड कव्हर असल्यास चार्जिंगच्या वेळी काढावे.

४. शक्य तेथवर चार्ज २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान राखावा. अनेक नव्या मोबाइलमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय सेटिंग्जमध्येच असते.

बॅटरी पूर्ण संपवूनच चार्ज करावी, हा जुना समज आता बाजूस सारावयास हवा. तो निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातील आहे. लिथियम-आयन बॅटरीला थोडे थोडे चार्जिंगच मानवते.

रोजच्या खर्चाची तपासणी

आता पहिल्या खात्याकडे वळू. येथेही हिशेबनिसाची पद्धत उपयोगी पडते : काटकसर करण्यापूर्वी खर्च कोठे होतो ते पाहावे. मोबाइलच्या सेटिंग्जमधील 'बॅटरी' या विभागात कोणत्या अॅपने किती टक्के खर्च केला, याचा तक्ता मिळतो. सर्वसाधारणपणे खर्चाची मोठी कलमे तीन असतात.

पहिले कलम पडद्याचे. उजेड आपोआप कमी-अधिक होण्याची सोय चालू ठेवावी आणि वापर थांबल्यावर अर्ध्या मिनिटात पडदा बंद होईल असे करावे. काळ्या पार्श्वभूमीचा, म्हणजे डार्क मोडचा, लाभ केवळ ओलेड प्रकारच्या पडद्यावर होतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ मधील अभ्यासात पूर्ण उजेडावर ३९ ते ४७ टक्के बचत आढळली. ३० ते ५० टक्के उजेडावर मात्र ती ३ ते ९ टक्केच होती. तात्पर्य, मुख्य बचत उजेड कमी करण्यातच आहे.

दुसरे कलम नेटवर्कचे. सिग्नल क्षीण असेल तेथे मोबाइल अधिक शक्तीने संदेश पाठवितो आणि मनोरा शोधत राहतो. दुर्गहून नागपूरकडे जाताना डोंगरगडच्या पुढे दरेकसा-सालेकसाचा डोंगराळ, रानातील टप्पा लागतो. अशा प्रवासात मोबाइल खिशात असूनही बॅटरी उतरते. तेथे काही काळ विमान मोड लावणे हा सोपा उपाय होय. मात्र गाडी स्थानकाजवळ आली की तो काढण्यास विसरू नये, अन्यथा बँकेचे संदेशही अडकून राहतील. घरी सिग्नल कमी असल्यास मोबाइल डेटाऐवजी वायफाय वापरावे.

तिसरे कलम पडद्याआड चालणाऱ्या कामांचे. आपले ठिकाण सतत विचारणाऱ्या अॅपना 'वापरताना फक्त' एवढीच परवानगी द्यावी. खरेदी व खेळांच्या अनावश्यक सूचना बंद कराव्यात. बँकेच्या सूचना तेवढ्या चालू ठेवाव्यात. अॅप वारंवार झटकून बंद करण्याने मात्र बचत होत नाही, कारण ते पुन्हा उघडताना उलट अधिक शक्ती लागते.

लॅपटॉपविषयी थोडेसे

कार्यालयातील लॅपटॉप बहुधा दिवसभर चार्जरलाच जोडलेला असतो. अशा वेळी बॅटरी सदैव पूर्ण भरलेली आणि यंत्राच्या उष्णतेने तापलेली राहते; वर सांगितलेली दोन्ही कारणे येथे एकत्र येतात. अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये चार्ज ८० टक्क्यांच्या आसपास रोखण्याची सोय आहे, ती अवश्य वापरावी. लॅपटॉप गादीवर ठेवल्यास हवेच्या जाळ्या बंद होतात. तो टेबलावर ठेवावा आणि पंख्यातील धूळ वेळोवेळी साफ करून घ्यावी. ब्राउझरमध्ये उघडून ठेवलेली अनेक पाने आणि विनाकारण जोडलेली उपकरणे हेही खर्चाचेच मार्ग आहेत. दीर्घकाळ काम नसेल तर 'स्लीप'ऐवजी 'हायबरनेट' वापरावे अथवा यंत्र बंद करावे.

बचतीच्या नावाखाली धोका नको

बॅटरी वाचविण्याचे आश्वासन देणारी अनेक अॅप आढळतात. मोबाइलमध्ये अंगभूत बॅटरी सेव्हर असताना त्यांची गरज नसते. अशा अॅपनी एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली तर ती कदापि देऊ नये, कारण ओटीपी तेथेच येतो. रेल्वे स्थानकावरील वा उपाहारगृहातील सार्वजनिक यूएसबी केबलमधून माहिती चोरली जाऊ शकते, असा इशारा रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मधील आपल्या पुस्तिकेत दिला आहे. प्रवासात स्वतःचा चार्जर विजेच्या सॉकेटला जोडावा किंवा पॉवर बँक जवळ बाळगावी. फसवणूक झालीच, तर घरातील दुसऱ्या मोबाइलवरून तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करावी व बँकेस कळवावे; स्वतःचा मोबाइल चार्ज होण्याची वाट पाहू नये.

बॅटरी फुगली असेल, मागील झाकण उचलले गेले असेल, तर वापर व चार्जिंग त्वरित थांबवून अधिकृत सेवा केंद्राकडे जावे. बदललेली बॅटरी कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्यांच्या संकलनाची आणि पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ती विक्रेत्याकडे किंवा संकलन केंद्रावर द्यावी.

आपल्या वाचकांपैकी अनेक जण निवृत्तिवेतनधारक आहेत. २०२१ पासून हयातीचा दाखला चेहऱ्याच्या पडताळणीद्वारे मोबाइलवरूनच देण्याची सोय झाली आहे. ज्येष्ठांच्या घरातील तरुणांनी सेटिंग्जमधील हे चार-दोन बदल त्यांच्या मोबाइलवर एकदा करून द्यावेत. त्यास दहा मिनिटे पुरतात, आणि नेमक्या कामाच्या वेळी मोबाइल सुरू राहतो.