नाला नासतो तेव्हा शहर काय करतं?

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला कार्सन नावाचं शहर आहे. २०२१च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिथल्या लोकांना कुजक्या अंड्यांचा उग्र वास येऊ लागला. डोकं दुखतंय, मळमळतंय, झोप लागत नाही, अशा तक्रारी हजारोंनी आल्या. वास गार्डिना, टॉरन्स, लाँग बीच या शेजारच्या शहरांपर्यंत पोहोचला आणि कित्येक आठवडे रेंगाळला. तो येत होता डॉमिंगेझ चॅनेलमधून. पावसाचं पाणी बंदराकडे वाहून नेण्यासाठी बांधलेला हा सुमारे २५ किलोमीटर लांबीचा कालवा, आपल्या भाषेत मोठा नालाच.

अशा वेळी शहर कोणत्या क्रमाने काय करतं आणि कुठे चुकतं, हे कार्सनच्या निमित्ताने आपण पाहू. त्यासाठी मुळात हा वास कसा तयार होतो ते आधी समजून घ्यायला हवं.

पाण्यात थोडा ऑक्सिजन विरघळलेला असतो. उबदार हवामानात हे प्रमाण लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम. मासे आणि अनेक जिवाणू त्यावर जगतात. कुजणारं काही पाण्यात पडलं की जिवाणू ते खातात आणि खाताना हा ऑक्सिजन वापरतात. खाद्य फार झालं की ऑक्सिजन संपतो. मग ज्यांना ऑक्सिजन लागतच नाही अशा जिवाणूंची पाळी येते. ते पाण्यातल्या सल्फेटवर, म्हणजे गंधक असलेल्या क्षारांवर, आपलं भागवतात आणि हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू सोडतात. कुजक्या अंड्यांचा वास तो हाच. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं. त्यामुळे भरतीचं पाणी आत शिरणारे नाले आणि खाड्या गोड्या पाण्याच्या ओढ्यांपेक्षा जास्त घाण मारतात. डॉमिंगेझ चॅनेलच्या खालच्या भागातही भरती चढते.

आता कार्सनमध्ये काय घडलं ते पाहा. ३० सप्टेंबरला तिथल्या एका गोदामाला मोठी आग लागली. गोदामात हात निर्जंतुक करण्याच्या सॅनिटायझरचा साठा होता, आणि सॅनिटायझर म्हणजे मुख्यतः इथेनॉल, साधं अल्कोहोल. ते पावसाळी गटारातून कालव्यात उतरलं. अल्कोहोल जिवाणूंना चटकन पचतं. एक लिटर शुद्ध अल्कोहोल पूर्ण पचवायला दीड किलोहून अधिक ऑक्सिजन लागतो, म्हणजे सुमारे दोन लाख लिटर पाण्यात विरघळलेला सगळा ऑक्सिजन. यावरून सॅनिटायझरने भरलेलं गोदाम काय करू शकतं याचा अंदाज यावा. आपल्याकडे मळीमिश्रित पाणी नदीत सुटलं की मासे वर तरंगतात. पंचगंगेकाठच्या लोकांना हे दृश्य नवीन नाही. त्यामागचं गणित हेच.

शहराचं पहिलं काम म्हणजे तक्रारींची नीट नोंद. कुठे, किती वाजता, वारा कुठून, या तीन गोष्टी नकाशावर मांडल्या की वासाचा उगम आपोआप दिसू लागतो. पहाटे वारा पडलेला असतो आणि थंड हवा जमिनीलगत साचते, त्यामुळे अशा तक्रारी रात्री आणि पहाटे वाढतात. कार्यालय सकाळी दहाला उघडून निरीक्षक अकराला पोहोचला, तर त्याला काहीच जाणवत नाही आणि अहवालात ‘दुर्गंधी आढळली नाही’ असं लिहिलं जातं. ही गफलत जगभर होते.

दुसरं काम मोजमाप. माणसाचं नाक हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत फार तिखट आहे. हवेच्या एक अब्ज भागांत या वायूचे मोजके काही भाग असले तरी ते कळतं. अब्जात किती भाग, या हिशेबाला पीपीबी म्हणतात. कॅलिफोर्नियात तासाभराच्या सरासरीची मर्यादा ३० पीपीबी आहे, आणि ती मुळात उपद्रव टाळण्यासाठी ठरवलेली आहे. साउथ कोस्ट एक्यूएमडी या तिथल्या हवेवर देखरेख करणाऱ्या संस्थेने कालव्याकाठी आणि वस्तीत यंत्रं लावली, तेव्हा ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडलेली दिसली.

इथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. गटारात उतरणाऱ्या कामगारांच्या खिशाला जो गॅस मीटर लावतात, तो साधारणपणे १० पीपीएमला वाजतो. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग, तेव्हा १० पीपीएम म्हणजे १० हजार पीपीबी. तो मीटर जीव वाचवण्यासाठी असतो आणि त्या कामाला योग्यच आहे. पण तोच घेऊन कुणी वस्तीत आला तर आकडा शून्य दिसेल, घरातली माणसं मात्र ओकत असतील. मोजणी झाली असं कुणी सांगितलं, तर कोणत्या यंत्राने आणि ते किती बारीक मोजतं, हे आपण जरूर विचारावं.

तिसरं काम कारण शोधण्याचं. कार्सनच्या परिसरात तेलशुद्धीकरण कारखाने आहेत, त्यामुळे अशा वासाने संशय तिकडे जाणं स्वाभाविक. गॅसवाहिन्या, मैलावाहिन्या, कारखाने तपासून एकेक शक्यता बाद करावी लागते. अधिकाऱ्यांनी सुरुवातीला सांगितलं, की कालव्यातला पालापाचोळा नैसर्गिकरीत्या कुजतो आहे, पाणी उथळ झालंय, हा त्याचा वास आहे. गोदामाच्या आगीशी संबंध नंतर जोडला गेला. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली सर्वांत महागात पडलेली गोष्ट हीच. वनस्पती कुजत होत्या हे खरंच होतं, पण एवढ्या एकाएकी का, हा प्रश्न त्यात सुटून गेला. आग लागली की ती विझवताना वापरलेलं पाणी कुठे गेलं, हे त्याच दिवशी पाहायला हवं. नाल्याच्या तोंडाशी वाळूच्या गोण्या टाकून किंवा गटार तात्पुरतं बुजवून ते अडवता येतं. नाल्यात मिसळल्यावर ते परत काढता येत नाही.

चौथं काम माणसं सांभाळण्याचं, आणि ते कारण सापडण्याची वाट न पाहता करायचं असतं. कार्सनमध्ये हजारो रहिवाशांना तात्पुरतं हॉटेलांत हलवलं आणि घरांसाठी हवा शुद्ध करणारी यंत्रं दिली. ही यंत्रं घेताना लोक हमखास फसतात. हेपा गाळणी धूळ, धूर, परागकण अडवते, वायू अडवत नाही. वायूसाठी सक्रिय कोळशाची, म्हणजे मुद्दाम सच्छिद्र केलेल्या कोळशाची गाळणी लागते, आणि ती भरली की बदलावी लागते. साध्या मास्कचा वासावर काही उपयोग नाही. उदबत्ती, अत्तर, रूम फ्रेशनर यांनी वायू जागचा हलत नाही, फक्त डोकेदुखीला सोबत मिळते. हॉटेलांच्या बाबतीतही गोंधळ झालाच. खोल्या कमी पडल्या. खर्च आधी स्वतः करून पावत्या दाखवायच्या हा नियम असला, की हातावर पोट असणारा माणूस योजनेबाहेर राहतो.

लोकांना काय सांगायचं, हाही याच कामाचा भाग. ‘धोका नाही’ एवढंच सांगून भागत नाही. वस्तीत पसरलेल्या प्रमाणाने सहसा जीव जात नाही, पण डोकेदुखी, मळमळ, दम्याचा त्रास खरा असतो. दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात. शिवाय १०० पीपीएमच्या आसपास हा वायू नाकाची संवेदनाच बधिर करतो. बंद गटारात किंवा टाकीत उतरलेल्या माणसाला वास येईनासा झाला, तर धोका टळला नाही, वाढला असं समजायचं. हा वायू हवेपेक्षा किंचित जड असल्यामुळे खोलगट जागी साचतो. आपल्या सफाई कामगारांचे बळी घेणाऱ्या वायूंत हा प्रमुख आहे.

पाचवं काम पाण्यावरच्या उपचाराचं. लॉस एंजेलिस परगण्याच्या (परगणा म्हणजे साधारण आपला जिल्हा) बांधकाम खात्याने कालव्यावर एपोलिऑन नावाचा जैवविघटनशील द्रव फवारला. सुगंधाने वास झाकण्याचं त्याचं काम नाही, तो वायूशी रासायनिक क्रिया करून त्याला निष्प्रभ करतो. पण त्याचा परिणाम वरवरचाच, कारण खाली वायू तयार होतच असतो. त्यामुळे जोडीला पाण्यात ऑक्सिजनचे अतिसूक्ष्म बुडबुडे सोडले. मोठे बुडबुडे झपाट्याने वर येऊन फुटतात आणि जाताना पाण्यात विरघळलेला हायड्रोजन सल्फाइडही हवेत ढकलतात. परिणामी, उपाय सुरू झाला आणि वास वाढला, अशी तक्रार येते. अतिसूक्ष्म बुडबुडे पाण्यात टिकून राहतात आणि ऑक्सिजन खालपर्यंत पोहोचवतात.

गाळ उपसण्याची घाई मात्र करू नये. नाला घाण मारतो म्हणून जेसीबी उतरवायचा, हा आपल्याकडचा ठरलेला उपाय. ऐन दुर्गंधीत गाळ ढवळला तर त्यात कोंडलेला वायू एकदम सुटतो. गाळ काढायचाच असतो, पण पाणी सावरल्यावर, थंड दिवसांत, काढलेला गाळ काठावर न ठेवता.

आणीबाणी जाहीर करणं हे सहावं काम. कार्सन शहराने ती जाहीर केली आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला लॉस एंजेलिस परगण्यानेही केली.  या घोषणेने वास कमी होत नाही. पण तिच्यामुळे निविदांचे लांबलचक टप्पे टाळून खरेदी करता येते, शेजारच्या यंत्रणांची मदत मागता येते आणि वरच्या सरकारकडे पैशांचा दावा लावता येतो. कालवा एकाच्या ताब्यात, हवा दुसऱ्याच्या अखत्यारीत, आरोग्य तिसऱ्याकडे, अशी विभागणी असली की घोषणेअभावी कागदच फिरत राहतात. डिसेंबरमध्ये हवा संस्थेने गोदामाशी संबंधित कंपन्यांना नियमभंगाच्या नोटिसा बजावल्या.

आपल्याकडे हवेच्या राष्ट्रीय मानकांत १२ प्रदूषकं आहेत, पण हायड्रोजन सल्फाइड त्यांत नाही. त्यामुळे मोबाइलवर हवेचा निर्देशांक ‘चांगला’ दिसत असताना नाल्याकाठचं घर असह्य असू शकतं. कायद्याचा आधार मात्र आहे. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी उघडी गटारं आणि एका अल्कोहोल कारखान्याचं दुर्गंधीयुक्त पाणी याविरुद्ध दाद मागितली होती. १९८० साली सर्वोच्च न्यायालयात न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला, की पैसे नाहीत ही सबब सांगून नगरपालिकेला हे कर्तव्य टाळता येणार नाही. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होती, आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे.

तेव्हा पुढच्या वेळी महापालिकेला किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवताना ‘घाण वास येतो’ एवढ्यावर थांबू नका. तारीख, वेळ, जागा, वाऱ्याची दिशा, भरती होती की ओहोटी, पाण्याचा रंग, मेलेले मासे, घरातल्या कुणाला काय त्रास झाला, हे सगळं लिहा. चांदीची किंवा तांब्याची भांडी एकाएकी काळवंडली असतील तर तेही लिहा, कारण ती या वायूची खूण असू शकते. शेजाऱ्यांनाही वेगवेगळ्या तक्रारी करायला सांगा आणि प्रत्येकाचा तक्रार क्रमांक जपून ठेवा.