जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घेताना

ग्वाल्हेर म्हटले की ख्यालगायकी आठवते, सरोद आठवते. विजेवर चालणाऱ्या गिटारीची आठवण सहसा कोणास होत नाही. परंतु दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेल्या लष्कर भागात मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत आणि त्यांतील एखाद्या घरात तंबोऱ्याच्या शेजारी आता गिटारही उभी असते. अशा घरातील एक तरुण पाटणकर बाजारातील दुरुस्तीच्या एखाद्या दुकानी उभा आहे, अशी कल्पना करावी. फळीवर धुळीने माखलेला व्हॉल्व्हचा जुना ॲम्प्लिफायर आहे. "एकदम चालू है, भैया," असे दुकानदार सांगतो. तरुणाला हवा आहे तो १९६० ते १९८० या काळातील इंग्रजी रॉक वाद्यवृंदांच्या गिटारीचा भरदार, किंचित खरखरीत नाद. गाठीला पैसे बेताचेच आहेत. त्याने ही वस्तू घ्यावी की न घ्यावी?

या नादाचे मूळ कशात आहे, ते आधी पाहिले पाहिजे. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्यातील तापलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन निघतात व धनाग्राकडे धावतात. वाटेत एक बारीक जाळी असते. गिटारीकडून आलेला क्षीण संकेत या जाळीवर पोहोचला की त्याच्या चढउताराप्रमाणे मोठा प्रवाह कमीजास्त होतो. ली द फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकाने १९०६ मध्ये ही जाळी बसविली आणि ध्वनिवर्धनाचे युग सुरू झाले. आता या नळीकडून तिच्या कुवतीबाहेर काम मागितले, तर ध्वनितरंगाचे माथे सपाट होऊ लागतात. ट्रान्झिस्टरमध्ये हे माथे सामान्यतः सुरीने कापल्यासारखे तुटतात; व्हॉल्व्हमध्ये ते गोलाई राखून हळूहळू दबतात. त्यामुळे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे उपस्वर त्यात मिसळतात व नाद दाट होतो. अभियंत्याच्या दृष्टीने हा दोषच होय! परंतु तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी काढणारा गवई दुसरे काय करीत असतो? निखळ, कोरड्या तारेत त्याला रस नसतो; उपस्वरांनी भरलेली तार त्याला हवी असते. कृष्णराव शंकर पंडितांच्या गावातील माणसाला ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही.

लंडनच्या पश्चिमेकडील हॅनवेल येथे जिम मार्शल यांचे वाद्यांचे दुकान होते. अमेरिकेतील फेंडर कंपनीचे ॲम्प्लिफायर इंग्लंडात फार महाग पडत, म्हणून १९६२ मध्ये तेथील तंत्रज्ञांनी फेंडरच्या 'बासमन' या नमुन्यावरून आपला स्वतःचा यंत्रसंच तयार केला. पुढे त्यात ईएल ३४ जातीचे व्हॉल्व्ह आले आणि रॉक संगीताचा ओळखीचा गडगडाट जन्मास आला. त्याच सुमारास व्हॉक्स कंपनीने ईएल ८४ या लहान व्हॉल्व्हवर चालणारे ॲम्प्लिफायर काढले. त्यांचा आवाज अधिक चमकदार असे व बीटल्सनी तेच वापरले. ही नावे लक्षात ठेवावीत, पण केवळ नावाच्या पट्टीवर भुलू नये. पट्टी दोन स्क्रूंनी बसते आणि दोन स्क्रूंनी निघतेही.

गिऱ्हाइकाची पहिली चूक शक्तीच्या बाबतीत होते. शंभर वॉटचा ॲम्प्लिफायर पन्नास वॉटच्या दुप्पट मोठा वाजेल, अशी समजूत असते. वस्तुतः कानाला आवाज दुप्पट वाटावा यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते; पन्नास आणि शंभर यांतील फरक अवघा तीन डेसिबल. शिवाय हवा असलेला नाद व्हॉल्व्ह ताणला गेल्यावरच उमटतो. शंभर वॉटचे यंत्र घरात तेवढे ताणावयाचे म्हणजे वाड्यातील सर्व बिऱ्हाडांशी वैर! यास्तव दोन ईएल ८४ व्हॉल्व्हचा पंधरा वॉटचा संच घरगुती वादनाला पुरून उरतो. पाच वॉटचा मिळाला तरी तो कमी लेखू नये.

दुसरी चूक अशी की, गिऱ्हाईक व्हॉल्व्हकडे पाहते आणि ट्रान्सफॉर्मरकडे पाहत नाही. व्हॉल्व्ह ही समईतील वात आहे. जळली की बदलावी. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्याने एके काळी काढलेले ईसीसी ८३ आणि ईएल ८४ व्हॉल्व्ह जुन्या साठ्यांतून अधूनमधून हाती लागतात. नवे रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथून येतात. ट्रान्सफॉर्मरचे तसे नाही. विजेचा दाब बदलणारा ट्रान्सफॉर्मर कुशल कारागीर पुन्हा गुंडाळून देऊ शकतो. परंतु व्हॉल्व्ह आणि कर्णा यांच्यामधील आउटपुट ट्रान्सफॉर्मरची वेटोळी थरांत थर गुंफून घातलेली असतात आणि आवाजाचा बराचसा स्वभाव त्यांतच असतो. तो जळालेला असेल, करपल्याचा वास येत असेल, किंवा त्याच्या जागी भलताच लोखंडी ठोकळा बसविलेला असेल, तर बाकी सर्व कितीही देखणे असो, किंमत निम्म्याहून खाली आली असे समजावे. कर्णा न जोडता यंत्र चालविले तरी हाच भाग जळतो. म्हणून दुकानात बटण दाबण्यापूर्वी कर्णा जोडला आहे ना, व यंत्रावर लिहिलेल्या ओहमशी त्याचे ओहम जुळतात ना, हे आधी पाहावे.

अमेरिकेहून एखाद्या नातलगाने आणलेला संच बहुधा १२० व्होल्टचा असतो. आपल्याकडील २३० व्होल्टला तो तसाच जोडला तर पहिल्याच मिनिटाला सौदा धुरात संपतो. दाब उतरविणारा पुरेशा शक्तीचा ट्रान्सफॉर्मर त्यासोबत घ्यावाच लागतो, आणि त्याची किंमत सौद्यात धरावी.

सर्वांत गंभीर गोष्ट जिवाची आहे. जुन्या यंत्रांना कित्येकदा दोनच पिनांची दोरी असते, अर्थिंग नसते. वादकाची बोटे धातूच्या तारांवर असतात आणि त्या तारा यंत्राच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधील स्वॉन्सी येथे 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वी याने हातात गिटार असताना अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श केला आणि व्यासपीठावरच त्याचा अंत झाला. तेव्हा तीन पिनांची दोरी व घरातील खरेखुरे अर्थिंग यांविना असे यंत्र हाताळू नये. आत तीनशे ते साडेचारशे व्होल्टचा दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये साठून राहतो. झाकण उघडण्याचे काम जाणत्या कारागिरानेच करावे. हे कपॅसिटर पंधरा-वीस वर्षांत सुकू लागतात. सुकले की स्वराखाली सतत घरघर ऐकू येते. ती दुरुस्त होते, मात्र तिचा खर्च किमतीतून वजा करून मागावा.

परदेशी संच परवडत नसेल तर आणखी एक वाट आहे. लग्नाच्या मांडवात आणि गणेशोत्सवात पूर्वी भोंग्यांसाठी जे व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर वापरीत, अहुजांसारख्या देशी कारखान्यांचे, त्यांपैकी काही अजून अडगळीत पडलेले असतात. त्यांचे ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टसाठीच केलेले असतात. परंतु गिटारीला सुमारे दहा लाख ओहमचा प्रवेशमार्ग लागतो. तो मायक्रोफोनच्या प्रवेशमार्गाहून वेगळा असल्याने कारागिराकडून थोडा फेरफार करून घ्यावा लागतो. कर्णाही भोंग्याऐवजी कागदी पडद्याचा, गिटारीसाठी केलेला, जोडावा. नामांकित संचाचा हुबेहूब नाद त्यातून निघणार नाही. पण स्वतःचा असा एक नाद निघतो, आणि तो वाईट नसतो.

आता पाटणकर बाजारातील त्या तरुणाकडे वळावयाचे. त्याने आपली गिटार सोबत न्यावी व दुकानदाराकडे अर्धा तास मागावा. यंत्र तापू द्यावे. व्हॉल्व्हच्या आतील राखाडी पत्रा लाल होऊ लागला तर तत्काळ बंद करावयास सांगावे. लहान व्हॉल्व्हवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारावी. कर्ण्यातून घंटेसारखा निनाद आला तर तो व्हॉल्व्ह बदलावा लागेल, त्याची फारशी चिंता नाही. मग आवाजाची खुंटी हळूहळू शेवटपर्यंत फिरवून एकच तार छेडावी आणि स्वर विरेपर्यंत ऐकत राहावे. जो स्वर शेवटपर्यंत एकसंध राहून विरतो, त्या यंत्राचा भाव करावा. दुकानदार अर्धा तास देण्यास राजी नसेल, तर यंत्र बंद पडलेले आहे असे धरून जी किंमत येईल तेवढीच सांगावी.