स्मार्टफोन आणि मनःस्वास्थ्य

स्मार्टफोनचा अतिवापर करणाऱ्यांमध्ये चिंता, उदासी आणि एकटेपणा काहीसा अधिक आढळतो. पण फोनमुळे मन उदास होते, की उदास मनच फोनकडे वळते, हे नुसत्या पाहणीतून कळत नाही. दोन्ही गोष्टी घडतात आणि एकीमुळे दुसरी वाढते.

हे नाते किती घट्ट आहे, हे एमी ऑर्बेन व अँड्र्यू प्रझिबिल्स्की या संशोधकांनी २०१९ मध्ये तपासले. त्यांच्यापुढे साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती होती. मुलामुलींच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यापैकी फार तर ०.४ टक्के फरकाचा संबंध डिजिटल साधनांच्या वापराशी लागला. अर्थात, ही सरासरी झाली. एखाद्या मुलावर होणारा परिणाम तिच्यात झाकला जातो.

वापर कमी केल्यावर काय होते, याचेही प्रयोग झाले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१८ मध्ये १४३ विद्यार्थी अशा प्रयोगात सहभागी झाले. त्यांतील एका गटाने फेसबुक, इन्स्टाग्राम व स्नॅपचॅट यांचा वापर प्रत्येकी रोज दहा मिनिटांवर आणला. तीन आठवड्यांत या गटाचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात दोन आठवडे फोनवरचे इंटरनेट बंद ठेवले, कॉल व मेसेज मात्र चालू होते. सहभागी लोकांचे मनःस्वास्थ्य सुधारले, लक्षही अधिक वेळ टिकू लागले.

याचे एक कारण म्हणजे मोकळा झालेला वेळ. तो प्रत्यक्ष भेटीगाठी, व्यायाम आणि झाडाझुडपांत फिरणे यांकडे गेला. फोन प्रामुख्याने हाच वेळ खातो आणि रात्री झोपही. त्यात न संपणारे रील्स, अधूनमधून वाजणारी नोटिफिकेशन्स आणि इतरांच्या सजवलेल्या आयुष्याशी होणारी तुलना यांची भर पडते. याउलट, दूरच्या नातवाला व्हिडिओ कॉलवर पाहणाऱ्या आजीला त्याच फोनचा आधार वाटतो. म्हणून तास मोजण्याइतकेच, त्या तासांत काय केले आणि काय राहून गेले, हेही पाहावे लागते.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये फोनच्या अतिवापरावर सामूहिक उपाय सुरू केला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे आणि साडेआठपर्यंतचा वेळ अभ्यास, वाचन व गप्पांना द्यायचा, असे ठरले.