तालीम म्हणजे पेठेचं घर

कोल्हापूर शहरात शिवाजी पेठ ही एक मोठी व जुनी पेठ आहे. पेठेच्या एका अंगाला रंकाळा तलाव आहे. निवृत्ती चौकात शिवाजी महाराजांचा अर्धा पुतळा आहे. त्याला सगळे लोक 'अर्धा शिवाजी पुतळा' असेच म्हणतात. उभा मारुती चौकाजवळ माझे मामा राहतात. सुट्टीत मी तिथे गेले होते. तेव्हा मी मामांबरोबर तालीम पाहिली. ती माहिती मी आपल्या भित्तिपत्रकासाठी लिहीत आहे.

तालीम हा शब्द अरबी भाषेतून आपल्याकडे आला. त्याचा अर्थ शिक्षण. म्हणजे तालीम ही पण एक शाळाच आहे. आपल्या शाळेत पाटी-पुस्तक असते, तिथे लाल माती असते. त्या मातीत ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस घालतात. त्यामुळे माती मऊ राहते आणि खरचटले तरी चिघळत नाही. कोपऱ्यात मारुतीची मूर्ती असते. शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणतात. पोरं पहाटे उठून जोर-बैठका काढतात, मग मातीत उतरतात.

कोल्हापुरात तालमी वाढल्या त्या राजर्षी शाहू महाराजांमुळे. महाराज १८९४ साली गादीवर बसले. त्यांना कुस्तीचा फार नाद होता. ते पैलवानांना आश्रय देत, खुराकाला मदत करत. १९०२ साली ते युरोपात गेले होते. तिथे त्यांनी रोम शहरातले जुने गोल मैदान पाहिले. तसेच मैदान आपल्याकडे पाहिजे असे त्यांच्या मनात आले. म्हणून त्यांनी खासबाग मैदान बांधले. ते १९१२ साली तयार झाले. ते मधे खोल आहे आणि कडेने चढत जाते. त्यामुळे सगळ्यात मागे बसलेल्या माणसाला पण कुस्ती दिसते. शाहू महाराज १९२२ साली वारले, पण तालमी राहिल्या.

मला वाटत होते, तालीम म्हणजे फक्त कुस्ती. मी मामांना तसे म्हणाले. मामा हसले आणि म्हणाले, "आगं, तालीम म्हंजे नुसती कुस्ती न्हवं. पेठेचं घर हाय ते!" मग त्यांनी मला एक एक गोष्ट सांगितली.

तालमीत गणपती बसतो. कोल्हापुरात बऱ्याच तालमींत मोहरमचे पंजे पण बसतात. मुसलमानी वर्ष आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान असते. म्हणून मोहरम दरवर्षी थोडा थोडा अलीकडे येतो. असे सरकत सरकत २०१८, २०१९ आणि २०२० या तीन वर्षी मोहरम आणि गणपती एकदमच आले. तेव्हा कोल्हापुरातल्या काही तालमींत गणपती आणि पंजा एकाच छताखाली बसले. लोकांनी दोघांच्याही पाया पडल्या. भांडण नाही की तंटा नाही.

तालमीची मुलं फुटबॉल पण खेळतात. शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, संध्यामठ तरुण मंडळ हे शिवाजी पेठेतले संघ. मंगळवार पेठेत पाटाकडील तालीम आहे. शाहू स्टेडियमवर यांचे सामने असले की दोन्ही पेठांतली माणसे जातात आणि खूप ओरडतात. मामांचा आवाज दोन दिवस बसतो असे मामी म्हणाल्या.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. २०१९ साली ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पुणे-बंगळूर रस्ता पण बंद पडला. आमच्या घरात पाणी शिरले. मी तेव्हा खूप लहान होते. आई सांगते, आम्ही नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडलो. शहरात एका शाळेत आमची सोय केली होती. तिथे संध्याकाळी टेम्पोतून भाकरी, आमटी आणि लहान मुलांना दूध आले. ते तालमीच्या पोरांनी आणले होते. आई म्हणते, ती पोरं आपल्या ओळखीची नव्हती, गावची नव्हती. तरी म्हणाली, "काकी, पोटभर खावा, लाजू नगासा."

हे ऐकल्यावर मला आपल्या गावची तालीम आठवली. आपल्या मारुतीच्या देवळामागे आहे ती. तिची कौले फुटली आहेत. आत कडबा आणि पाण्याचे जुने पाईप ठेवले आहेत. माती दगडासारखी कडक झाली आहे. ती पाडून दुकानाचे गाळे बांधायचे असे काही लोक म्हणतात. मी आजोबांना विचारले. ते म्हणाले, "आता कोण येतंय मातीत?" आजोबा स्वतः तिथे कुस्ती शिकले होते. एवढे बोलून ते गप्प बसले.

पूर्वी मुलींना तालमीत जाऊ देत नसत. पण आता मुली पण कुस्ती खेळतात. आपल्याच जिल्ह्यातील वडणगे गावची रेश्मा माने देशाकडून कुस्ती खेळली. मग आपल्या गावात कोण येतंय असे कसे म्हणायचे? मी जाईन. माझ्या वर्गातल्या आणखी तीन मुली येतो म्हणाल्या.

गाळे दुसरीकडे पण बांधता येतील. पण पूर आला, आजार आला, सण आला, तर सगळ्यांनी जमायचे कुठे? घरात एक सोपा असतो, तिथे आल्यागेल्याला बसवतात. तालीम हा गावाचा सोपा आहे. म्हणून गावातील थोर मंडळींना माझी विनंती आहे की, ग्रामसभेत तालमीचा विषय काढावा. कौले बदलावी, कडबा बाहेर काढावा. माती आम्ही मुले खणून देऊ.

(इयत्ता चौथी)