सुताचा टॉप, उन्हाळ्याचा टाका

संक्रांत झाली की विणकामाच्या सुया डांबरगोळ्यांबरोबर ट्रंकेत जातात. लोकर संपली म्हणजे विणकाम संपलं, असा आपला समज. चैत्रात कुणी सुया काढल्या तर शेजारणी हसतात. पण हिशेब करून पाहा. स्वेटर आपण कसाबसा महिना-दीड महिना घालतो आणि उकाडा चार महिने सोसतो. मग आपल्या मुलखात सुयांचं खरं काम कधी आहे?

ही कल्पना माझ्या डोक्यातली नाही, फार जुनी आहे. सुयांवर विणलेल्या सर्वांत जुन्या ज्या वस्तू आज उपलब्ध आहेत, त्यांत इजिप्तमध्ये सापडलेले मोजे आहेत. साधारण 11व्या ते 14व्या शतकांतले. ते लोकरीचे नव्हेत, सुताचे आहेत. पांढऱ्या सुतावर निळीची नक्षी आणि काहींवर अरबी अक्षरांच्या वळणाची वेलबुट्टी. आपला ‘मोजा’ हा शब्दही फारसीतूनच आलेला. आणि इतक्या दूर तरी कशाला जायचं? घरातल्या पुरुषांचा बनियन पाहा. तोही विणलेलाच असतो, फक्त यंत्रावर. तमिळनाडूतलं तिरुप्पूर याच धंद्यावर मोठं झालं. पुरुषांची सोय अशी झाली. बायका मात्र भर दुपारी गॅसपुढे पॉलिस्टरचा ब्लाउज किंवा कुर्ता घालून उभ्या असतात आणि घामोळ्यांवर पावडर लावतात.

मराठीत आपण मागावरचं कापडही विणतो आणि सुयांवरचा टॉपही. पण दोन्हींत फरक आहे. मागावर ताणा आणि बाणा असे दोन धागे एकमेकांना आडवे जातात. सुयांवर एकच धागा फाशातून फासा काढत पुढे जातो. त्यामुळे विणलेलं वस्त्र अंगाबरोबर ताणतं आणि हवेला वाट देतं.

ही वाट महत्त्वाची, कारण गारवा घाम येण्यात नसतो, घाम वाळण्यात असतो. एक ग्रॅम घाम अंगावर पूर्ण वाळला, तर तो जेवढी उष्णता घेऊन जातो, तेवढीने अर्ध्या लिटरहून जास्त पाणी एक अंशाने तापेल. म्हणून धागा ओल शोषणारा हवा. नेहमीच्या हवेत 100 ग्रॅम कोरडं सूत सुमारे साडेआठ ग्रॅम ओल धरतं, जवसाच्या खोडापासून निघणारं लिनन सुमारे 12 ग्रॅम. पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. बाजारात ‘कॉटन’ म्हणून मिळणाऱ्या गुंड्यांत पुष्कळदा अ‍ॅक्रिलिक मिसळलेलं असतं. धाग्याचा तुकडा स्टीलच्या ताटलीत जाळून बघा. सूत कागदासारखा वास देतं आणि त्याची मऊ राख होते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा काळा, कडक मणी उरतो.

सुताचे दोन स्वभाव ध्यानात ठेवायचे. ते लोकरीसारखं लवचीक नसतं आणि ते जड असतं. लोकरीचा नमुना जसाच्या तसा सुतात उतरवला, तर टॉप आठवड्याभरात गुडघ्याकडे निघतो. म्हणून धागा बारीक घ्यावा आणि सुई त्या मानाने जाड. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते. 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर म्हणजे सव्वातीन. अंग 8 नंबरवर आणि काठ 10 नंबरवर विणला, म्हणजे काठ सैल पडत नाही. बारीक सुतात मध्यम मापाच्या, बिनबाह्यांच्या टॉपला साधारण 250 ते 300 ग्रॅम सूत लागतं.

आधी हातभर नाही, पण वीतभर तुकडा विणावा. तो धुवावा, वाळवावा, दोन दिवस टांगून ठेवावा आणि मगच मोजावा. समजा, 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके आले. छाती 90 सेंटिमीटर असेल, तर टॉपचा घेर 100 ठेवावा. उन्हाळी कपडा अंगाला चिकटता कामा नये. पुढचा भाग 50 सेंटिमीटरचा, म्हणजे 110 टाके.

जाळीसाठी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरचा एक सोपा नमुना सांगते. तिथल्या बायका इतक्या झिरझिरीत शाली विणत, की अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता येई. नमुना 18 टाक्यांचा आहे. पहिली ओळ सुलट, दुसरी उलट. तिसरीत दोन-दोन टाके एकत्र, असं तीनदा. मग सुईवर धागा घेऊन एक टाका सुलट, असं सहादा. पुन्हा दोन-दोन एकत्र, तीनदा. चौथी ओळ सुलट. सहा टाके घटले आणि सहा वाढले, म्हणजे हिशेब बरोबर. असे सहा नमुने म्हणजे 108 टाके, आणि दोन्ही कडांना एकेक. आपले 110 पुरे झाले. टॉप धुतल्यावर दोरीवर टांगू नये, पंचावर पसरून सावलीत वाळवावा.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. जाळीचा टॉप घरातला, सावलीतला. आपल्या त्वचेचं तापमान साधारण 34-35 अंश असतं. मराठवाड्यात, विदर्भात बाहेर 43 अंशांची झळ लागते, तेव्हा वारा अंग गार करत नाही, तापवतो, आणि जाळीतून ऊन थेट कातडीवर येतं. अशा वेळी वरून मलमलची ओढणी किंवा सैल सुती कपडा हवाच. आपल्या वडीलधाऱ्या बायका उन्हात डोक्यावरून पदर घेत, त्यात मर्यादेइतकंच शहाणपणही होतं. कोकणात, मुंबईत गोष्ट उलटी. हवाच दमट, त्यामुळे घाम सहजी वाळत नाही. तिथे मोठी जाळी आणि सैल घेर जास्त कामाला येतो.

घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर हाच टॉप पुढून उघडा विणून नाड्या लावा. हात वर न करता घालता येतो आणि पाठीला हवा लागते. नाही तर पहिला टॉप घरातल्या अशा बाईसाठी विणा, जी सर्वांत जास्त वेळ स्वयंपाकघरात असते. बहुधा ती तुम्हीच असाल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)