हलक्या प्रतीचे खनिज स्फुरद आणि जीवाणूंचे साहाय्य

पिकाची मुळे जोमाने वाढावीत व दाणा चांगला भरावा यासाठी स्फुरद हे अन्नद्रव्य अत्यावश्यक होय. स्फुरदयुक्त खते ज्या खनिजापासून बनतात, त्या रॉक फॉस्फेटचा बहुतांश पुरवठा आपल्या देशास परदेशांतून मिळवावा लागतो. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे 1968 साली मोठा साठा आढळला. परंतु त्यातील पुष्कळसा भाग हलक्या प्रतीचा आहे. सुपर फॉस्फेट तयार करताना खनिजावर गंधकाम्लाची क्रिया करतात. खनिजात चुन्याचा अंश अधिक असल्यास आम्ल त्यावरच खर्ची पडते व खत महाग होते.

असे खनिज दळून थेट शेतात टाकावे काय? कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत ते हळूहळू विरघळते. देशावरील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत मात्र ते बहुतांशी तसेच पडून राहते व शेतकऱ्याचा पैसा वाया जातो.

येथे जीवाणू उपयोगी पडतात. बॅसिलस मेगॅटेरियम, स्यूडोमोनास स्ट्रायटा इत्यादी जीवाणू सेंद्रिय पदार्थांवर जगतात व ग्लुकॉनिक, सायट्रिक यांसारखी सौम्य आम्ले बाहेर टाकतात. ही आम्ले खनिजातील चुन्यास बांधून घेतात व स्फुरद मोकळे करतात. परंतु चुनखडीच्या जमिनीत ही आम्लेही मातीतील चुन्यावर खर्च होतात. म्हणून हे काम शेतात न करता खताच्या ढिगातच उरकून घेणे श्रेयस्कर.

कृती अशी : वाळलेल्या वजनाने काडीकचरा 8 भाग, शेण 1 भाग, माती अर्धा भाग व कुजलेले खत अर्धा भाग घ्यावे. या मिश्रणाच्या दर 100 किलोस बारीक दळलेले रॉक फॉस्फेट 12 ते 25 किलो मिसळावे. सावलीत थर रचून ढीग ओलसर ठेवावा. पाणी निथळू देऊ नये. दर पंधरवड्यास ढीग खालीवर करावा. प्रारंभी ढीग फार तापतो व त्या उष्णतेने जीवाणू मरतात. यास्तव सुमारे एक महिन्याने, ढीग निवल्यावर, टनास 1 किलो या प्रमाणात स्फुरद विरघळविणाऱ्या जीवाणूंचे संवर्धन पाण्यात कालवून शिंपडावे. साधारणतः तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. ते पेरणीपूर्वी मातीत मिसळावे.

संवर्धनाचे पाकीट थंड जागी, उन्हापासून दूर ठेवावे व त्यावरील अंतिम तारीख पाहूनच वापरावे. ते रासायनिक खतांत वा बुरशीनाशकांत मिसळू नये.

एक गोष्ट विसरू नये. जीवाणू नवे स्फुरद निर्माण करीत नाहीत. असलेले मोकळे करतात, व तेही सर्व नव्हे. म्हणून माती परीक्षण न करता सुपर फॉस्फेट एकदम बंद करू नये. ग्रामसेवकांनी प्रथम एकाच शेतात दोन सारखे वाफे आखावेत, एकास हे खत व दुसऱ्यास साधे कंपोस्ट द्यावे, आणि दोहोंचे उत्पन्न शेतकऱ्यांसमक्ष मोजावे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला फरकच शेतकऱ्यास पटतो.