दोन दोऱ्या आणि एक रणगाडा

समुद्रकिनारी गेलात की एक खेळ करून बघा. लाट नुकतीच ओसरलेल्या ओल्या वाळूत एका पायावर उभे राहा, तेही टाचेवर. टाच रुतलीच! आता तिथेच पालथे झोपा. (घरी आधी विचारून ठेवा. कपड्यांचं काय होईल ते मी सांगायला नको.) वजन तेच, तुम्हीही तेच, पण आता वाळू जेमतेम दबते. सगळा भार टाचेएवढ्या जागेवर आला की दाब वाढतो, अंगभर पसरला की कमी होतो.

रणगाड्यासाठी पेरलेला भूसुरुंग अशा भाराचीच वाट बघत मातीखाली दडून बसलेला असतो. दिसायला साधारण जेवणाच्या मोठ्या डब्यासारखा. वर झाकण, आत स्फोटकं आणि मधे ती पेटवणारी छोटीशी कळ. शंभरेक किलोंहून जास्त भार पडल्याशिवाय ती कळ सहसा दबत नाही. मग माणूस त्यावरून बिनधास्त जाईल का? छे! मोठ्या सुरुंगाच्या आसपास माणसांसाठीचे छोटे सुरुंगही अनेकदा पेरलेले असतात आणि त्यांना एक पाऊल पुरतं.

जाता जाता, 'सुरुंग' शब्दाचीही गंमत आहे. पूर्वी सुरुंग म्हणजे किल्ल्याच्या तटाखाली खणलेलं भुयार. त्यात दारू ठासायची नि तट उडवायचा. पुढे भुयार गेलं, दारू राहिली, नाव तेच राहिलं.

मातीत पेरलेले सुरुंग काढायचं काम सैन्यात सॅपर लोक करतात, म्हणजे लढाईतले इंजिनिअर. पुण्याजवळ खडकीला ज्यांचं मोठं केंद्र आहे, त्या बॉम्बे सॅपर्समध्ये १९४० साली कारवारकडच्या चेंडिया गावच्या पोलीस शिपायाचा एक मुलगा भरती झाला. रामा राघोबा राणे. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रह्मदेशात जपान्यांशी लढला आणि १९४७ च्या डिसेंबरात सेकंड लेफ्टनंट झाला. आता त्यांना अहो-जाहो करायला हवं.

चारच महिन्यांनी, १९४८ च्या एप्रिलमध्ये, राणे जम्मू-काश्मीरमध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावर उभे होते. भारत-पाकिस्तान युद्ध चालू होतं आणि राजौरी शत्रूच्या ताब्यात होती. तिथे लवकर पोचायला हवं होतं, आणि रणगाड्यांना वाट एकच, डोंगराला सापासारखी वेढे घालत जाणारी. शत्रूने त्या वाटेचं काय केलं होतं ऐका. पूल उडवले होते, चीडाचे मोठमोठे वृक्ष तोडून आडवे टाकले होते, त्यांच्याभोवती सुरुंग पेरले होते आणि वरच्या टेकड्यांवर मशिनगन रोखून ठेवल्या होत्या. रणगाडा बाजूने काढायचा म्हटला, तर एका बाजूला डोंगर नि दुसऱ्या बाजूला दरी.

८ एप्रिल, सकाळचे ११. राण्यांची तुकडी कामाला हात घालणार तेवढ्यात उखळी तोफांचे गोळे येऊन पडले. दोन जवान ठार झाले, पाच जखमी. त्या पाचांत एक राणे स्वतः. त्यांनी उरलेल्यांना गोळा केलं आणि काम सुरू केलं.

राण्यांना पुढे मिळालेल्या पदकाचं प्रशस्तिपत्र वाचताना मला नेहमी एसटीच्या वेळापत्रकाची आठवण होते. त्यात तलवारी खणखणत नाहीत, नुसते तास असतात. ८ तारखेला रात्री १० पर्यंत काम. ९ ला पहाटे ६ पासून दुपारी ३ पर्यंत रणगाड्यांसाठी वळणवाट तयार. पुढे अर्ध्या मैलावर आडवी झाडं, ती सुरुंग लावून उडवली. आणखी ३०० यार्डांवर पुन्हा झाडं. मग उडवलेली मोरी. संध्याकाळी सव्वासहाला, उजेड जात असताना, पाच प्रचंड झाडांचा अडथळा. १० ला पहाटे पावणेपाचला पुन्हा तिथेच, आणि साडेसहाला तो अडथळा दूर!

आणि सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट अजून पुढेच आहे. रस्त्यात सुरुंग आणि वरून मशिनगनचा मारा. उघड्यावर सुरुंग काढायला बसावं, तर गोळी लागणार. थांबावं, तर राजौरी लांबच राहणार. मग राणे सरपटत रणगाड्याखालीच शिरले! विचार करा, पोलादाचं चालतं छप्पर. मशिनगनची गोळी त्यातून आरपार जात नाही. पण आतली जागा जेमतेम दीड फूट उंच. डोक्यावर कित्येक टन लोखंड नि दोन्ही बाजूंना खडखडणारे साखळपट्टे. राणे पुढचे सुरुंग काढणार, मग रणगाडा तेवढाच पुढे सरकणार आणि त्याच्याबरोबर खालून राणेही.

आता खरी अडचण. इंजिन इतकं धडधडतं की खालून कितीही ओरडलं तरी चालकाच्या कानावर जाणार नाही. खालचा माणूस चालकाला दिसतही नाही. उशिरा थांबला, तर साखळपट्टा थेट सुरुंगावर! तुमच्या गावच्या एसटीत हीच अडचण कंडक्टरने कशी सोडवलीय? दोरी! एक टण म्हणजे थांब, दोन टण म्हणजे चल. राण्यांनीही दोऱ्याच वापरल्या, पण दोन वेगवेगळ्या. एक ओढली की थांब, दुसरी ओढली की चल. दोन का? माझा आपला अंदाज, धक्के मोजण्यात चूक होऊ शकते, दोरी ओळखण्यात होत नाही. आणि इथे चूक झाली, तर पुढची बेल वाजवायला कुणी उरणार नव्हतं.

१० तारखेला दुपारी २ वाजता रणगाडे राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचले. तिथे मुघलांची जुनी सराय आहे, कारण बादशहा काश्मीरला याच वाटेने जात. रणगाडे पोचले, आता राण्यांनी बसायला हरकत नव्हती. पण मागून दाणागोटा नि दारूगोळा घेऊन गाड्या यायच्या होत्या, आणि त्यांच्यासाठी रस्ता मोकळा नव्हता. म्हणून ते न खाता, न थांबता रात्री ९ पर्यंत खपत राहिले. ११ तारखेला पहाटे ६ ला परत हजर. १२ एप्रिलला सैन्य राजौरीत शिरलं.

या कामासाठी राण्यांना परमवीर चक्र मिळालं. हे पदक हयातीत मिळवणारे पहिले वीर म्हणून त्यांचं नाव घेतात. पदक असतं केवढं? जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचं. जांभळ्या फितीला अडकवलेली कांस्याची चकती आणि तिच्यावर इंद्राची चार वज्रं. त्याचं रूप कुणी रेखाटलं ठाऊक आहे? सावित्रीबाई खानोलकरांनी. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या, मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्याच झालेल्या.

राणे १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ मध्ये पुण्यात वारले. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर, 'चपळ' नावाच्या जुन्या युद्धनौकेजवळ, त्यांचा पुतळा आहे. तिथे ओली वाळू भरपूर. टाचेचा खेळ तिथेच करा.